सगळेच वादक डावखुरे कसे?

प्रश्न : १९४० च्या दशकातल्या ‘साउंडी’ या अमेरिकन गाण्यांच्या छोट्या फिल्म पाहिल्या. काहींमध्ये सगळे वादक डावखुरे दिसतात, पाट्याही उलट. असं का?

उत्तर : वादक उजवेच आहेत, प्रिंट उलटी आहे. या फिल्म बार-हॉटेलांतल्या ‘पॅनोरम’ नावाच्या लाकडी कपाटासाठी बनत. आत १६ मिमीचा प्रोजेक्टर. चित्र आरशांवरून वळून काचेच्या पडद्यावर मागून पडे. त्यात डावं-उजवं बदलायचं, म्हणून प्रिंटच मुद्दाम उलटी काढत. तीच साध्या प्रोजेक्टरवर लावली की घोटाळा होतो.

दहा सेंट टाकले की सुमारे तीन मिनिटांचं एक गाणं. आठ गाणी एकाच रिळात जोडलेली असल्याने पुढचं येईल तेच बघायचं, निवड नाही! ती सोय १९६० मध्ये फ्रान्सच्या ‘स्कोपिटोन’ या अशाच यंत्राने दिली : ३६ फिल्म, त्याही रंगीत. गाणं आधी रेकॉर्ड करून त्यावर ओठ हलवायची पद्धत मात्र साउंडीतही होतीच, आपल्या प्लेबॅकसारखीच.

डिजिटल प्रत असेल तर एडिटिंगमध्ये ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ करा. १८० अंशांत फिरवू नका, माणसं डोक्यावर उभी राहतील. पाटी दिसत नसेल तर ट्रम्पेटवाल्याकडे बघा, कळा उजव्या हाताने दाबल्या जातात.