‘ह्याला फौंड्रीत घालू नका, मॅडम’

बारावीचा निकाल आणि सीईटीचे मार्क हातात आले की कोल्हापूर-इचलकरंजीकडचे पालक एकच काळजी घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. ‘कॉम्प्युटर काही मिळत नाही. मेकॅनिकल, मेटलर्जी (धातुशास्त्र) घेतलं तर शेवटी कारखान्यातच ना?’ इतक्यांदा हे ऐकलं आहे की एका घराची गोष्ट लिहावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मोल्डर; वाळूचे साचे करणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, “बावीस वर्षं वाळू आणि धूर खाल्लाय. ह्याला फौंड्रीत घालू नका, मॅडम.”

त्यांची भीती खरी होती. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते आणि ठेक्यावरच्या माणसाचा पगार वर्षानुवर्षं हलत नाही. अशा माणसाला ‘खूप स्कोप आहे हो’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. मी एवढंच विचारलं, “तुम्हाला काम नकोय, की ती जागा?” ते गप्प बसले.

मुलगा म्हणाला, “मला काहीही चालेल.” या वयात आवड विचारून कळत नाही, हाताला काही लागलं की कळते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून त्याला घरी करायला एक काम दिलं.

शिवणाच्या चार सुया घ्यायच्या, साध्या पोलादाच्या. स्टेनलेसच्या चालत नाहीत. सोबत पक्कड, गॅस, वाटीभर पाणी, डोळ्यांना गॉगल आणि शेजारी मोठं माणूस. पहिली सुई तशीच थोडी वाकवायची, ती स्प्रिंगसारखी परत येते. दुसरी लालभडक करून मिनिटभर हळूहळू आचेपासून लांब न्यायची, ती तारेसारखी वाकते. तिसरी लाल असतानाच पाण्यात बुडवायची आणि फडक्यात धरून वाकवायची, ती कट्कन मोडते. चौथीही तशीच विझवायची, पण नंतर पॉलिश पेपरने चकचकीत घासून मंद आचेवर उंच धरायची. आधी पिवळसर, मग जांभळी, मग निळी होते. निळी दिसली की लगेच काढायची. ती पुन्हा लवचीक झालेली असते.

बहुतेक मुलांची तिसरी सुई पहिल्या खेपेला मोडतच नाही. बारीक सुई ज्योतीपासून पाण्यापर्यंत नेईतोच गार होते. वाटी बर्नरला अगदी खेटून हवी.

पुढच्या भेटीत मुलगा खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला. “तीन सुया वाया गेल्या, मग वाटी जवळ ओढली. पण मॅडम, सुईत काही घातलं नाही, काही काढलं नाही. मग बदललं काय?”

मी उत्तर देणार तोच वडील बोलले. “आमच्यातही तसंच असतंय. एस.जी.च्या लोखंडात मॅग्नेशियम मारलं की लॅडल (ओतायचं भांडं) थांबवायचं नाही. दहा मिनिटांच्या आत ओतायचं. उशीर झाला की पीस कच्चा, मोडतोय.”

“का?”

“ते लॅबवाला बघतोय.”

मला हवी होती ती जागा हीच. एस.जी. म्हणजे ज्यात ग्राफाइट (कार्बन) गोळ्यांसारखं जमतं असं ओतीव लोखंड. त्यात, शंभर किलोमागे, जेमतेम चाळीस ग्रॅम मॅग्नेशियम उरावं लागतं. थांबलं की ते उडून जातं. मग ग्राफाइट गोळ्यांऐवजी पापुद्र्यांसारखं जमतं आणि पापुद्र्याच्या टोकापासून तडा जातो. वडील ‘कसं’ या प्रश्नाचे जाणकार होते. मुलाला ‘का’ ओढत होता. एका घरात दोन्ही होतं आणि घरात त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं.

‘का’ ओढणाऱ्या मुलांनी मेटलर्जी आणि मटेरियल्सकडे बघावं. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई इथे ही शाखा आहे. प्लास्टिक, रंग, कापड यांत रस असेल तर मुंबईचं आयसीटी. मेटलर्जीत धातूचा नमुना कापून, घासून, सौम्य आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिकवतात. हवा तो गुण येण्यासाठी कशात काय किती मिसळावं, याचा हिशेब आता आधी संगणकावर मांडतात. कॉम्प्युटर हुकला म्हणून हळहळणाऱ्या पालकांना हे मी मुद्दाम सांगते.

‘कसं’ ओढणाऱ्यांसाठी टूल रूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायला शिकवणारी संस्था. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचा; तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

फॉर्म भरायच्या आधी एकदा कारखाना बघा. चकाचक मशीन बघून परतू नका, रिजेक्शनचा ढीग दाखवा म्हणा आणि एकेक पीस का टाकला ते विचारा. मुलाने तो पीस हातात घेऊन उलटापालटा केला तर ते मार्कांइतकंच ध्यानात ठेवा. पालकांनी धूळ ओढणारी यंत्रणा चालू आहे का ते बघावं आणि नवी मुलं कंपनीच्या रोलवर घेतात की ठेक्यावर, हे स्पष्ट विचारावं.

मोल्डरदादा मुलाला स्वतःच लॅबमध्ये घेऊन गेले. नंतर फोन आला, “मेटलर्जी एक नंबरला टाकलीया. आणि मॅडम, बावीस वर्षांत मी पहिल्यांदा त्या काचेत बघितलं. काळे गोल ठिपके आहेत सगळे.”