गेमच्या तारखेवर लॅपटॉपची खरेदी ठरवावी का?

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, संगणक शाखेत आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या गेमची तो पहिला ट्रेलर आल्यापासून वाट पाहत आहे. शिकवण्या घेऊन त्याने काही पैसे साठवले आहेत आणि उरलेली रक्कम घालून एक लाखापर्यंतचा लॅपटॉप घेऊन देण्याचे मी कबूल केले आहे. गेम १९ नोव्हेंबर २०२६ला येणार असल्याने त्याआधीच्या दिवाळीच्या सवलतीत खरेदी करावी, असे तो म्हणतो. दुकानदार मात्र ‘भाव चढताहेत, आत्ताच घ्या’ असे सांगतो. सध्याच्या लॅपटॉपवर अभ्यासाचे काम नीट होते, मोठे गेम चालत नाहीत. खरेदी केव्हा करावी? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलाने सांगितलेली तारीख बरोबर आहे, पण ती लॅपटॉपसाठी नाही. हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टार गेम्स या कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलांसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांसाठी, जाहीर केली आहे. विंडोजच्या संगणकांवर हा गेम केव्हा येईल, याबद्दल कंपनीने काहीही जाहीर केलेले नाही. त्यामुळे दिवाळीत घेतलेल्या लॅपटॉपवर नोव्हेंबरात हा गेम खेळता येईल, असे धरून चालायला आज कोणताही आधार नाही. दिवाळी की आत्ता, हा वाद त्यामुळे बाजूलाच ठेवावा लागतो.

या कंपनीची आजवरची रीत पाहिली तर अंतर किती पडू शकते याचा अंदाज येतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ कन्सोलवर १७ सप्टेंबर २०१३ला आला आणि संगणकावर यायला १४ एप्रिल २०१५ उजाडला. ती तारीखसुद्धा जानेवारीवरून मार्चवर आणि मार्चवरून एप्रिलवर ढकलली गेली होती. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ऑक्टोबर २०१८मध्ये कन्सोलवर आला, तर संगणकावर ५ नोव्हेंबर २०१९ला. नव्या गेमची मूळ घोषणा २०२५ची होती, नंतर २६ मे २०२६ ठरली आणि मग नोव्हेंबर. म्हणजे कन्सोलची तारीखच दोनदा पुढे गेली आहे आणि संगणकाची तर अजून ठरलेलीच नाही.

तारखेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे गेमला लागणारी यंत्रसामग्री. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’साठी कोणते ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग), किती रॅम (चालू कामासाठीची मेमरी) आणि डिस्कवर किती जागा (ती तब्बल १५० जीबी होती) लागेल, हे गेम संगणकावर येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी कळले. डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येते. बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, कायमची सोल्डर केलेली असते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी जी चिप मिळाली तीच शेवटपर्यंत राहते. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या गेमला रे ट्रेसिंगची (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याच्या तंत्राची) सोय असलेली चिपच लागते, आणि त्यामुळे एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६६०सारख्या, ही सोय नसलेल्या पण तोवर बऱ्यापैकी काम देणाऱ्या चिपवर समाधान मानलेल्यांना तो खेळता आला नाही. पुढच्या गेमची अट ठाऊक नसताना चिप निवडण्यातला धोका हा असा असतो.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून रॅम बरीच महागली आहे आणि त्याची झळ लॅपटॉपलाही बसते, त्यामुळे ‘थांबलात तर हमखास स्वस्त मिळेल’ असे मी सांगणार नाही. तरीही चार-पाच हजार वाचवण्यासाठी, हा गेम केव्हा आणि कोणत्या यंत्रावर चालेल हे ठाऊक नसताना, लाखभर रुपये आज गुंतवणे मला पटत नाही. साधारणपणे वॉरंटी एक वर्षाची असते, आणि गेम संगणकावर येईपर्यंत ती संपून गेलेली असेल, अशीच शक्यता अधिक दिसते. म्हणून माझा सल्ला असा की सध्याचा लॅपटॉप अभ्यासाला पुरतो आहे तोवर पैसे बँकेत राहू द्यावेत, संगणकाच्या आवृत्तीची तारीख आणि तिच्या यंत्रविषयक अटी जाहीर होऊ द्याव्यात, आणि गेम आल्यावर दोन-तीन आठवड्यांत निरनिराळ्या लॅपटॉपवरच्या चाचण्या पाहून निवड करावी.

अभ्यासासाठीच, उदाहरणार्थ मशीन लर्निंगच्या प्रकल्पासाठी, ग्राफिक्स चिपची गरज आधी पडली तर मात्र थांबू नये. त्या वेळी अभ्यासाला लागेल तो लॅपटॉप घ्यावा आणि पुढे गेम त्यावर चालला तर उत्तमच. तशी वेळ आली तर चिपच्या नावापेक्षा तिची व्हीआरॅम, म्हणजे चिपची स्वतःची मेमरी, आधी विचारावी. २०२५च्या लॅपटॉपांमध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० आणि ५०७० या दोन्ही चिपना ८ जीबीच आहे, १२ जीबी हवी तर ५०७० टीआयपर्यंत जावे लागते आणि ते लाखात बसणे अवघड आहे. प्लेस्टेशन ५मध्ये एकूण १६ जीबी मेमरी आहे आणि नवा गेम तिच्या हिशेबाने बांधला जात आहे, हे लक्षात घेता ८ जीबीवर चित्राची गुणवत्ता कमी करावी लागेल असे मला वाटते. दुसरे म्हणजे एकाच नावाची चिप बारीक लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर आणि जाड लॅपटॉपमध्ये जास्त वॅटवर चालवलेली असते, आणि वॅट कमी तर वेगही कमी. आरटीएक्स ४०६०च्या बाबतीत ही मर्यादा ३५पासून ११५ वॅटपर्यंत आहे. दुकानातच एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’चा आकडा पाहून घ्यावा, म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या लॅपटॉपच्या किमतींत फरक का आहे ते तिथल्या तिथे समजेल. पुढे रॅम वाढवता यावी म्हणून तिचा एक स्लॉट (खाच) रिकामा आहे का, हेही विचारून ठेवावे.

आणि नोव्हेंबरातच, पहिल्या दिवशीच खेळायचे असा मुलाचा आग्रह असेल, तर तो लॅपटॉपने पुरा होणार नाही, कन्सोलच घ्यावा लागेल. तो ठरवलेल्या लाखाच्या बराच आत येतो आणि घरातल्या टीव्हीला जोडता येतो. पण सांगलीबाहेर वसतिगृहात राहून शिकत असेल तर टीव्हीची सोय कुठे होईल, हे त्यालाच आधी विचारा.