आच मोठी, कढई अर्धी रिकामी

स्टर-फ्रायबद्दल, म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतायच्या भाजी-मांसाबद्दल, आलेल्या पत्रांत रेसिपी मागणारे थोडेच आहेत. बहुतेकांकडे रेसिपी आहे, पण पदार्थ तसा होत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

प्रश्न: गॅस पूर्ण मोठा ठेवते, भाज्या भराभर परतते, तरी दोन मिनिटांत तळाशी पाणी साचतं आणि सगळं उकडल्यासारखं लागतं. काय चुकतंय?

परतणं ठीक आहे, माप चुकतंय. चार जणांची भाजी एकदम कढईत पडली की हे होणारच. ढोबळी मिरची, कोबी, मशरूम यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कढई सणसणीत तापलेली असेल तर ते सुटेल तसं उडून जातं. ती थंडावली की पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि वास मात्र साधारण 140 अंशांपासून पुढे येऊ लागतो. त्यातून पाण्याची वाफ करणं फार महागात पडतं. साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून जास्त ते पूर्ण उडवायला लागते. हॉटेलातले वोकचे (चिनी खोलगट कढईचे) बर्नर घरच्या शेगडीच्या कितीतरी पट ताकदीचे असतात, म्हणून त्यांना ढीगभर भाजी परवडते. आपल्याला आच वाढवता येत नाही, तेव्हा भाजी कमी करायची.

एका घाण्याला 200 ते 250 ग्रॅम, तळ जेमतेम झाकला जाईल इतकी. झाली की ताटात काढा, कढई पुन्हा तापू द्या, मग दुसरा घाणा. सॉस घालताना सगळं एकत्र करा. वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण साचलेलं पाणी आटवत बसण्यापेक्षा कमीच लागतो.

भाजी धुऊन लगेच घालू नका, फडक्यावर पसरून कोरडी करा. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी लवकर सुटतं. आणि सारखं ढवळू नका. पंधरा-वीस सेकंद भाजी तळाला टेकू द्या, मग उलटा. अखंड हलणाऱ्या भाजीला रंग धरायला सवडच मिळत नाही.

गाजर, ब्रोकोली, फरसबी नुसत्या परतून बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. त्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, निथळून, पुसून घ्या.

प्रश्न: त्यासाठी खास वोक घ्यायलाच हवा का? माझ्याकडे इंडक्शन शेगडी आहे आणि एक नॉन-स्टिक पॅन.

वोक नको. गोल बुडाचा तर मुळीच नको, तो इंडक्शनवर नीट टेकणारच नाही. 28 ते 30 सेंटीमीटरचा सपाट बुडाचा लोखंडी, बिडाचा किंवा कार्बन स्टीलचा तवा वा पॅन उत्तम, मात्र कडा थोड्या उंच हव्यात. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की भाजी पडल्यावर चटकन थंडावत नाही. घरच्या आचेवर मला तेच जास्त उपयोगी वाटतं.

नॉन-स्टिक या कामाला वापरू नका. त्याचा लेप 260 अंशांच्या वर खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांत तिथे पोचतो.

प्रश्न: चिकन एक तर चिवट होतं, नाही तर पॅनला चिकटून बसतं.

चिकटण्याचा उपाय सोपा आहे. पॅन आधी तापवा, तेल नंतर घाला, आणि चिकन पडल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. खालची बाजू भाजली गेली की ते आपणहून सुटतं. ओढाताण केली तर फाटतं.

चिवटपणा सुरीपासून सुरू होतो. मांसातले धागे ज्या दिशेने धावतात, त्यांना आडवं कापा, तीन-चार मिलिमीटर जाड. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलेलं मांस घट्ट होतं आणि असे काप सहज पडतात. मग चीनमधली जुनी युक्ती करा. पाव किलो कापांना एक चमचा सोया सॉस, अर्ध्या अंड्याचं पांढरं, दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि थोडं तेल चोळून वीस मिनिटं ठेवा. स्टार्चचं हे आवरण रस आत धरतं आणि पुढे सॉसलाही पकडून ठेवतं. मांस फारच राठ असेल तर त्याआधी पाव चमचा खायचा सोडा लावून पंधरा मिनिटांनी धुऊन, पुसून घ्या. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून हात आवरता ठेवा.

प्रश्न: लसूण दर वेळी करपतो.

सगळ्यात आधी घालता म्हणून. मांस, मग भाज्या भाजून बाजूला काढा. मग जरा तेल, आलं-लसूण, वास सुटेपर्यंत वीस सेकंद, आणि लगेच मांस-भाज्या परत आत. अगदी बारीक चिरण्यापेक्षा पातळ चकत्या केल्या तर त्या जास्त तग धरतात.

प्रश्न: सॉसमध्ये गुठळ्या होतात किंवा तो खाली पाण्यासारखा राहतो. तेल कोणतं वापरावं?

कॉर्नफ्लोअर कोरडं टाकू नका. एक चमचा दोन चमचे थंड पाण्यात कालवा आणि ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळा, कारण ते तळाशी बसतं. ओतल्यावर खदखदून उकळी आली की मगच ते दाटतं. उकळीआधी गॅस बंद केलात तर पाणीच राहणार. दोघांपुरत्या भाजीच्या सॉसला दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर आणि तीन चमचे पाणी एवढं पुरे. हे गॅस पेटवण्याआधी वाटीत तयार हवं. ऐनवेळी बाटल्यांची झाकणं उघडत बसलात की भाजी गेलीच.

तेल रिफाइंड, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. भाजलेल्या तिळाचं तेल लवकर करपून कडवटतं, ते गॅस बंद केल्यावर थेंबभर वासापुरतं.

प्रश्न: सकाळी करून रात्री गरम केलं तर चालेल?

चालेल, पण भाजी मऊ पडेल. त्यापेक्षा सकाळी भाज्या चिरून ठेवा, सॉस वाटीत कालवा, चिकनला लेप लावा आणि तिन्ही वेगवेगळं फ्रीजमध्ये ठेवा. रात्री फक्त दहा मिनिटांचं काम उरतं.