अकरा प्रकल्प, एकच विहीर

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. बी.ए.च्या ११ मुलांनी 'माझ्या गावचे पाणी' हा प्रकल्प दिला. अकराही गावांत विहीर ४२ फूटच! मजकूर झेरॉक्सच्या दुकानातला, फक्त गावाचं नाव बदललेलं. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, 'सही करा, निकाल कशाला बिघडवता?' मॅडम, नापास करू की सोडून देऊ?

उत्तर : सर, सही करू नका. लगेच नापासही करू नका.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडचा कापूस खाल्ला, त्या वर्षीची गोष्ट. घाटंजी तालुक्यातल्या एका मुलानं लिहिलं होतं, 'आमचे गाव सह्याद्रीच्या कुशीत असून भात हे मुख्य पीक आहे.' मला फार संताप आला. त्याला बोलावलं, फाइल मिटवली आणि विचारलं, "यंदा घरी काय पेरलं?" मग तो अर्धा तास थांबेना. कापसाच्या पराटीत तुरीच्या ओळी कशा टाकल्या, मागच्या साली फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही कापूस शेतात उभाच ठेवला) म्हणून अळीला खायला कसं मिळत राहिलं, सगळं सांगितलं. "मग हे का नाही लिहिलंस?" तर म्हणाला, "मॅडम, हे प्रकल्पात चालते काय?"

चोरी ती चोरीच, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्या फाइलला शून्य दिलं आणि १५ दिवसांची मुदत दिली. त्यानं फरदडीवर ९ पानं हातानं लिहून आणली. शुद्धलेखन चुकलेलं, पण शेत त्याचं होतं.

सहकाऱ्यांना सांगा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतही प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य सापडलं, तर आधी सुधारून लिहायला लावतात. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. तुमची मुलं तर पहिल्यांदाच चार पानं लिहिताहेत.

अकराही जणांना दोर घेऊन आपापल्या विहिरीवर पाठवा. पोळ्याला पाणी किती हातांवर होतं, होळीला किती खाली जातं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहू द्या. मग एकेकाला समोर बसवून तोंडी विचारा. आणि पुढच्या वर्षी प्रकल्पाची तारीख कापूस वेचणीत ठेवू नका. त्या दिवसांत मुली पहाटेपासून शेतात असतात.