पूलचं पाणी तापवायचंय? आधी झाका, मग पाइप आणा

प्रश्न: आमचा घरामागचा पोहण्याचा पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि साधारण १.२ मीटर खोल आहे. तयार सोलर हीटर परवडत नाही म्हणून १६ मिमीच्या काळ्या पाइपचं १०० मीटरचं वेटोळं छतावर टाकलं आणि छोटा पंप लावून नळाच्या धारेसारखं बारीक पाणी सोडलं. वेटोळ्यातून पाणी मस्त गरम येतं पण पूलमध्ये काहीच फरक नाही, २२ अंशांवरच अडकलाय. पंप अजून हळू करू का म्हणजे पाणी आणखी तापून येईल?

उत्तर: नको, उलट करा! बाहेर येणारं पाणी हाताला गरम लागलं की आपल्याला वाटतं काम झकास चाललंय, पण पूलसाठी ते वाईट लक्षण आहे, कारण पाइप जितका तापतो तितकी त्यातली उष्णता पूलमध्ये न जाता हवेत जाते. पाणी जोरात फिरलं पाहिजे, म्हणजे पाइप गारसर राहतो आणि ऊन जास्त पकडतो. पाइपच्या दर चौरस मीटर जागेमागे मिनिटाला ३-४ लिटर पाणी गेलं पाहिजे. मग भर दुपारी बाहेर येणारं पाणी आत जाणाऱ्यापेक्षा दोन-अडीच अंशच गरम असेल, हाताला तर कळणारही नाही, तरी पूल तापत असतो.

पण खरी अडचण दुसरीच आहे, आकडेच बघा ना. तुमच्या पूलमध्ये साधारण २१,६०० लिटर पाणी आहे. एवढं पाणी फक्त १ अंश तापवायला २५ युनिट उष्णता लागते (युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच). स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडतं, त्यातलं काळ्या पाइपने ६० टक्के पकडलं तरी झाले ३ युनिट. १६ मिमीचा १०० मीटर पाइप पसरला तर त्याची जागा होते १.६ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला जेमतेम ५ युनिट, पूलच्या हिशोबात ०.२ अंश. एवढं तर रात्री उडूनच जाणार.

म्हणून पाइप विकत घ्यायच्या आधी पूलवर कव्हर टाका. लोक हे सगळ्यात शेवटी करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. पूलची बहुतेक उष्णता बाष्पीभवनातून जाते. १ लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ०.७ युनिट उष्णता घेऊन जाते. कव्हर नसताना दिवसाला समजा ५ मिमी पातळी उतरत असेल तर तुमच्या पूलमधून ९० लिटर पाणी उडतं, म्हणजे ६० युनिट गेले! पूल स्वतःही दिवसा ऊन खातो म्हणून एकदम गारठत नाही इतकंच. भिंतीवर खूण करून पातळी रोज किती उतरते ते मोजून बघा (गळती नाही ना, तेही लगे हाथ कळेल). बुडबुड्यांचं प्लॅस्टिक कव्हर मिळालं तर उत्तमच.

आता पाइपचं. हीटरची जागा पूलच्या पृष्ठभागाच्या निदान निम्मी धरा, तुमच्यासाठी ९ चौरस मीटर. २० मिमीचा काळा पॉलिथिन पाइप, ड्रिपला वापरतात तोच, शेजारी शेजारी चिकटवून पसरला तर ५० मीटरला १ चौरस मीटर होतो, म्हणजे एकूण ४५० मीटर लागेल. हा एकाच लांबीत जोडला तर पंप धापा टाकेल आणि शेवटी पाण्याची धारही येणार नाही. ५० मीटरची नऊ वेटोळी करा आणि सगळी ४० किंवा ५० मिमीच्या जाड पाइपला समांतर जोडा. पाणी एका कोपऱ्यातून आत आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, नाहीतर जवळची वेटोळी सगळं पाणी पिऊन टाकतात आणि लांबची नुसती तापत बसतात. हे झालं की रोज २७ युनिट, म्हणजे साधारण १ अंश, आणि कव्हरमुळे तो रात्रीही बराचसा टिकतो.

पाणी फिल्टरनंतर घ्या म्हणजे पाइप तुंबत नाहीत, पण क्लोरीन सोडायची जागा पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरची ठेवा. ऊन गेलं की पंप बंदच, रात्री चालू राहिला तर हाच पाइप पूल गार करत बसेल (कडक उन्हाळ्यात मुद्दाम तसं करतातही). वर सगळ्यात उंच जागी हवा काढायचा व्हॉल्व हवाच. आणि पंपाच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हे सगळं करूच नका.

प्रश्न: वरून काच लावून पेटी केली तर जास्त तापेल ना?

उत्तर: पाइप तापेल, पूलचं सांगता येत नाही. काच दहाएक टक्के ऊन परत पाठवते आणि पूलचं पाणी हवेपेक्षा फार गरम नसतंच त्यामुळे वाचवण्यासारखी उष्णता थोडीच असते. फार वारा किंवा थंडी असेल तर फायदा होतो. पण भर उन्हात पंप बंद पडला तर पेटीत प्लॅस्टिक मऊ पडून वाकतं.

प्रश्न: घरी जुना तांब्याचा पाइप पडलाय, तो चालेल?

उत्तर: उष्णतेसाठी छान, पूलसाठी नको. पाण्याचा पीएच खाली गेला की तांबं विरघळतं आणि भिंतींवर हिरवट निळे डाग पडतात. फिकट रंगाचे केस पूलमध्ये हिरवे होतात त्याचा दोष सगळे क्लोरीनला देतात, पण रंग तांब्याचा असतो.

प्रश्न: लहान मुलं आहेत, कव्हर आणि हे पाइप सुरक्षित आहेत का?

उत्तर: तरंगणारं कव्हर मुलांना जमिनीसारखं वाटतं आणि ते वजन पेलत नाही, मूल खाली गेलं तर वरून दिसतही नाही. त्यामुळे कुंपण आणि कुलूप हवंच, पोहताना कव्हर अर्धं नाही, पूर्ण काढायचं. पंप दुपारी बराच वेळ बंद असेल तर पाइपात अडकलेलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेव्हा पंप सुरू करून ते पाणी निघून जाईपर्यंत मुलांना त्या तोंडापासून लांब ठेवा.