घटस्फोटाच्या निकालावर अपील: परवानगी कुणाची लागते?

प्रश्न: मी गडहिंग्लज तालुक्यात राहते. लग्नाला अकरा वर्षं झाली, आठ वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आहे. नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याखाली, मी त्याचा छळ केला असं म्हणून घटस्फोटाचा दावा लावला होता. कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तो मंजूर केला, त्याला आज 52 दिवस झाले. मला हा निकाल मान्य नाही. गावातले एक जाणकार म्हणतात, हायकोर्टात जायला आधी परवानगी लागते आणि ती मागायची तीस दिवसांची मुदत संपली. तिकडे नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालल्याचं कानावर आलंय. त्याचे काही मेसेज माझ्या मोबाइलमध्ये आहेत, ते मी कोर्टात दिले नव्हते. आता काय करू?

उत्तर: ताई, आधी मनावरचं ओझं उतरवा. तुम्हाला कुणाचीही परवानगी मागायची नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 च्या कलम 19 ने अशा अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क दिलेला आहे. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ ते ऐकतं आणि फक्त कायद्याचा मुद्दाच नाही, तर साक्षीपुरावाही नव्याने तपासतं. परवानगीचा प्रश्न येतो तो उच्च न्यायालयाच्या पुढे, सर्वोच्च न्यायालयात जाताना. त्या जाणकारांचा घोळ बहुधा तिथेच झाला असावा. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर (म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या हुकमावर) मात्र अपील चालत नाही. समुपदेशकांपुढे किंवा कोर्टात तुम्ही तडजोडीच्या कुठल्या कागदावर सही केली होती का, एवढं आठवून पाहा.

तीस दिवसांचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. कलम 19 मध्ये 30 दिवसच लिहिले आहेत. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 मधली मुदत 2003 च्या दुरुस्तीने 90 दिवस झाली. त्याच्या आदल्या वर्षीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आपल्या देशातली अंतरं आणि माणसांच्या अडचणी पाहता तीस दिवस फार अपुरे आहेत. तुमच्यासारख्या, तालुक्याच्या गावाहून कोर्टाच्या खेपा घालणाऱ्या बाईसाठीच ती दुरुस्ती होती असं मला वाटतं. मग दोन कायद्यांतली कुठली मुदत धरायची, हा वाद उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (असे वाद मिटवणाऱ्या मोठ्या पीठाने) 2016 साली तो मिटवला: कौटुंबिक न्यायालयाचा निकाल हिंदू विवाह कायद्याखालचा असेल, तर मुदत 90 दिवस. म्हणजे तुमच्या हातात अजून 38 दिवस आहेत.

शिवाय निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. यात लोक फसतात, म्हणून नीट सांगतो. नक्कल अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवसच वगळतात. अर्ज द्यायला लावलेला उशीर तुमच्या माथी, आणि नक्कल तयार असूनही आणायला गेला नाहीत तर तेही दिवस तुमच्याच माथी. मुदत टळलीच, तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण तुमच्या बाबतीत त्या भरवशावर एक दिवसही काढू नका.

कारण दुसरं लग्न. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील दाखल झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, त्याला दुसरं लग्न करता येत नाही. मुदतीत अपील आलं नाही की तो मोकळा. आणि या मनाईच्या काळात लग्न उरकलं, तरी ते आपोआप रद्द ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. म्हणून अपिलासोबतच हुकूमनाम्याला स्थगिती मागा आणि अपील दाखल झाल्याची नोटीस वकिलामार्फत त्याला स्पीड पोस्टाने लगेच पाठवा. मग ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला त्याला जागा राहणार नाही.

त्या मेसेजना मात्र खरोखरच परवानगी लागेल. खालच्या कोर्टात न दिलेला पुरावा अपिलात सहजासहजी घेत नाहीत. तो तेव्हा का देता आला नाही, याचं पटणारं कारण द्यावं लागतं. ‘वकिलांनी मागितले नाहीत’ एवढ्याने सहसा भागत नाही. तोवर मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, विकू नका.

तुमच्या पत्रात पोटगीचा उल्लेख नाही, म्हणून सांगतो: अपील चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 24 खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. मुलाच्या पोटगीचा वेगळा हुकूम झालेला असेल तर त्याची वाट निराळी असू शकते. तो कागदही वकिलांना दाखवा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि आता अपिलासाठी मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं आणि तुमचा जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. गडहिंग्लजहून सकाळची एसटी धरली तर काम उरकून संध्याकाळी मुलाजवळ परत याल.

नक्कल अर्ज अजून दिला नसेल तर उद्याच द्या. अर्जाची पावती जपून ठेवा, दिवस मोजताना तीच दाखवावी लागते.