गिरबटलेली पानं

अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा चाळली. पत्रात तू लिहिलंस, "गणित माझ्या डोक्यात शिरतच नाही." वही वेगळंच सांगते. चुकलेलं प्रत्येक उत्तर तू इतकं गिरबटलं आहेस की दोन पानं फाटली आहेत. पान उजेडात धरून मी खालचे आकडे वाचले. −२(क्ष − ३) चं तू −२क्ष − ६ केलंस. पुढच्या पानावर तेच, आणखी तीन पानांनंतर पुन्हा तेच. उणेला उणेने गुणलं की अधिक येतं, तिथे +६ हवं होतं. बाकी मांडणी चोख आहे. म्हणजे एकच चूक तुला महिनाभर छळतेय आणि ती ओळखीची व्हायच्या आत तू पुरून टाकतेयस असं म्हणू का?

खोडायची ही घाई माझ्या ओळखीची आहे. लहानपणी मला सगळे 'हुशार' म्हणायचे. मग लॉगॅरिथम आलं, कळेना, आणि हात वर करून विचारलं तर हुशारी जाईल या भीतीने मी वर्षभर मान डोलावत राहिलो.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये यावरचेच प्रयोग प्रसिद्ध केले. पाचवीच्या मुलांना कोडी दिली. सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस". नंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं आणि पुन्हा सोपी दिली. 'हुशार' मुलांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले, मेहनतवाल्यांचे वाढले. पण मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहायला सांगितले, तेव्हा 'हुशार' गटातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते खोटे लिहिले. ती खोटारडी नव्हती. कमी गुण म्हणजे कमी आपण, असा हिशेब त्यांच्या डोक्यात बसला होता.

आणि तो बुद्ध्यांकाचा आकडा मला कशाला कळवलास? १९०५ मध्ये ज्याने अशा चाचण्यांची सुरुवात केली, त्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांना कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल एवढंच शोधायचं होतं. बुद्धी वाढतच नाही, या समजावर त्यांनी स्वतःच कडाडून टीका केली.

आता "मला जमेल" अशी चिठ्ठी आरशावर चिकटवू नकोस. मेंदू घडवता येतो हे पटवणारा तासाभराहून छोटा ऑनलाइन पाठ अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांना दिला होता. निकाल २०१९ मध्ये आले. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी चारच्या मोजपट्टीवर साधारण ०.१ ने वाढली. अगदीच वाया नाही, पण किमयाही नाही. नुसत्या विश्वासाने चिन्ह बदलत नाही.

तेव्हा गिरबटणं बंद. चुकलेल्या ओळीवर एकच बारीक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी पेन्सिलने लिही, त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं. 'वेंधळेपणा' हे उत्तर चालणार नाही.

सोबत दहा उदाहरणं सोडवून पाठवतोय. सगळ्यांत कंसाबाहेर उणे आहे. त्यातल्या एकात चिन्हाची चूक माझी आहे. कुठे ते शोध आणि मी काय विचार केला असेल, तेही लिहून पाठव.